रत्नागिरीत चार दिवस, तिथीच्या हिशेबाने

रत्नागिरी बघितली असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांनी खरं तर गणपतीपुळे बघितलेलं असतं. स्टेशनवर उतरायचं, गाडी ठरवायची, थेट पुळ्याला जायचं आणि परत येताना वेळ उरला तर थिबा पॅलेससमोर एक फोटो. मीही याआधी दोनदा तेच केलं होतं. या वेळी आई बरोबर होती, तिची ही पहिलीच खेप, म्हणून मुक्काम मुद्दाम शहरात ठेवला. मांडवीला, समुद्रापासून चालत दोन मिनिटांवर, एका घरगुती राहण्याच्या जागी. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी आता हेच सांगेन, की निदान दोन रात्री शहरात काढा. आणि निघण्याआधी कॅलेंडरवर तारखेच्या खाली बारीक अक्षरात छापलेली तिथी बघून ठेवा. ती का, ते पुढे येईलच.

शनिवार, माघ शुद्ध द्वादशी

मुंबईहून पहाटेची गाडी घेतली. रात्रीच्या गाडीने एक दिवस वाचतो हे खरं, पण कोकण रेल्वेचा रस्ता झोपेत घालवण्यासारखा नाही. चिपळूण, संगमेश्वर मागे पडलं की उक्षीनंतर करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटर लांब. गाडी आत शिरली आणि डब्यातली बोलणी आपोआप थांबली. बाहेर पडलो तेव्हा खिडकीतून आंब्याच्या मोहोराचा वास आत आला. आई म्हणाली, "पोचलो ना गं?" भोके स्टेशन गेलं आणि खरंच पोचलो.

रत्नागिरी स्टेशन गावात नाही, गावापासून सहाएक किलोमीटर वर आहे. बाहेर रिक्षा उभ्या असतात. बसण्याआधी भाडं ठरवून घ्या आणि नुसतं 'रत्नागिरी' न सांगता मांडवी, टिळक आळी, माळनाका असं ठिकाण सांगा. गाव चढउतारांवर वसलेलं आहे. नकाशात शेजारी दिसणाऱ्या दोन जागांमध्ये कधी कधी एक अख्खी घाटी असते. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर 'चालत दहा मिनिटं' यावर विसंबू नका.

आईची आदल्या दिवशीची एकादशी होती. ती सोडायला घरमालकीण काकूंनी मऊ भात, कडव्या वालाचं बिरडं आणि सोलकढी वाढली. जेवताना मी संध्याकाळचा बेत सांगू लागले, तर काकू म्हणाल्या, "बेत करा हो, पण आधी पाणी कुठे आहे ते बघा. आज द्वादशी. नवाला भरती, तीनला ओहोटी. साडेचाराच्या आत किनाऱ्यावर जा, मग वाळू बुडायला लागते."

आईने विचारलं, "तोंडी कसं सांगता हो?"

हिशेब अगदी सोपा निघाला. तिथीचा आकडा घ्यायचा, तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला पूर्ण भरती आणि रात्री नऊच्या सुमाराला पुन्हा. मधल्या वेळेत, सहा तासांनी, पूर्ण ओहोटी. कृष्ण पक्षात आकडा पुन्हा एकपासून धरायचा. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच रोज पुढे सरकते, म्हणून हे गणित चालतं. मिनिटाला मिनिट जुळत नाही, अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण दिवसाचा बेत करायला पुरेसं आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची भरती मोठी, ती उधाणाची. अष्टमीच्या आसपासची लहान, तिला भांग म्हणतात. उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच ओहोटीला लांब जातं. आमचे चार दिवस पौर्णिमेकडे जाणारे होते, म्हणजे ओहोटी रोज संध्याकाळच्या बाजूला सरकणार. किनारे बघायला यापेक्षा चांगले दिवस मागूनही मिळाले नसते, आणि ते आम्हाला नकळत मिळाले होते.

साडेचारला मांडवीवर गेलो. इथली वाळू काळी आहे, म्हणून गावातले लोक याला काळा समुद्रच म्हणतात. हा रंग घाणीचा नाही. या किनाऱ्याच्या वाळूत इल्मेनाइट नावाचं जड, काळं खनिज आहे, टायटॅनियम ज्यातून मिळतं ते. लाट मागे गेली की ओल्या वाळूवर काळ्या नक्षीच्या रेघा राहतात. हलके कण पाणी ओढून नेतं आणि जड कण जागेवर बसतात. आई वाकून बराच वेळ त्या रेघा बघत होती. जेटीवर भेळवाले, घोडे, पोरं, सगळं गाव होतं. सहानंतर पाणी खरंच चढत आलं आणि आम्ही मघाशी जिथे उभ्या होतो ती जागा दिसेनाशी झाली.

रविवार, त्रयोदशी

सकाळी साडेसहाला मिरकरवाड्याला गेले, एकटीच. आईला मासळीचा वास सोसत नाही. तुम्हाला सोसत असेल तर ही सकाळ चुकवू नका. बंदरात बोटींची गर्दी, टोपल्या, बर्फाचे क्रेट, लिलावाची बोली. मिरकरवाडा आणि राजिवडा या वस्त्यांमध्ये दालदी मुसलमान आणि खारवी पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जाणारे, त्यामुळे कानावर पडणारी बोलीही वेगळी. तिथे वागायचा एकच नियम लक्षात ठेवा: ही लोकांची कामाची जागा आहे. वाटेत उभं राहू नका, बायकांचे फोटो न विचारता काढू नका, पायात पकड असलेली चप्पल घाला, जमीन सतत ओली असते. थोडी मासळी हवी असेल तर लिलावात घुसू नका. बाजूला बसलेल्या मावश्यांकडे वाटे लावलेले असतात, तिथे घ्या. मी बांगड्यांचा एक वाटा घेतला. मावशींनी स्वतःहून कल्ला उचलून लाल रंग दाखवला. "नंतर बोलायला नको," म्हणाल्या. काकूंनी दुपारी त्याचं तिखलं केलं. आईसाठी वेगळ्या चुलीवर ओल्या काजूची उसळ झाली. फेब्रुवारीच्या शेवटाला ओले काजू यायला लागतात, ते दिसले तर दुसरं काही मागू नका.

नऊ वाजता आईला घेऊन रत्नदुर्गावर. गाडी बऱ्याच वरपर्यंत जाते, पुढे थोड्या पायऱ्या आहेत. किल्ल्याचा आकार घोड्याच्या नालासारखा आणि तीन बाजूंना समुद्र. एका टोकाला बालेकिल्ला आणि त्यात भगवतीचं देऊळ, दुसरीकडे दीपगृह. दीपगृह १८६७ सालचं आहे आणि आत संध्याकाळी ठराविक वेळातच सोडतात, तेव्हा सकाळी जाणाऱ्यांनी ते बाहेरूनच बघायचं. आमची सकाळ मात्र भरतीची होती, पावणेदहाची. बुरुजावरून खाली बघितलं तर लाटा थेट कड्यावर फुटत होत्या आणि आवाज वर यायला क्षणभर लागत होता. एका बाजूला मिरकरवाड्याचं बंदर, सकाळी मी जिथे उभी होते ते. दुसऱ्या बाजूला मिऱ्याचा डोंगर आणि त्याच्या अलीकडे पांढरा समुद्र. काळ्या वाळूचा किनारा आणि पांढऱ्या वाळूचा किनारा, मधे हा किल्ला. एवढी स्पष्ट वाटणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पांढऱ्या समुद्राबद्दल मन थोडं जड होतं. समुद्र तिथली जमीन खातो आहे. मिऱ्याला दगडांचा बंधारा घालून पाणी थोपवावं लागतं. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात एक मोठं जहाज भरकटत येऊन याच किनाऱ्याला लागलं होतं. फिरायला येणाऱ्यांनी बंधाऱ्याच्या दगडांवर चढू नये. शेवाळ असतं, आणि दगडांमधल्या फटी वरून दिसतात त्यापेक्षा खोल असतात.

किल्ल्यावरून परत गावात. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे, १८५६ सालचा जन्म. कौलारू, ओटी-पडवीचं साधं कोकणी घर. वडिलांची पुण्याला बदली होईपर्यंत, म्हणजे दहा वर्षांचे होईपर्यंत ते इथे होते. आत भिंतीवरचे फलक वाचण्यापेक्षा मागच्या पडवीत पाच मिनिटं बसा. त्यानंतर पतितपावन मंदिर. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते. सर्व जातींना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असणारं देऊळ असावं असं त्यांनी भागोजी कीर यांना सांगितलं आणि कीरांनी १९३१ मध्ये ते उभं केलं. भागोजीशेठ मूळचे रत्नागिरीचेच, गरिबीतून मुंबईला गेलेले आणि बांधकामात मोठे झालेले. दादरला शिवाजी पार्कजवळची स्मशानभूमी त्यांनी दिलेली आहे हे मी आईला सांगितलं. आमच्या आजोबांचं दहन तिथेच झालं होतं. आई देवळात परत आत जाऊन आली.

दुपारी थिबा पॅलेस. सोमवारी इथलं वस्तुसंग्रहालय बंद असतं, बेत करताना ध्यानात ठेवा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेहून उचललेला, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलेला. हा राजवाडा त्याला मिळाला तो १९१० मध्ये, म्हणजे इथे येऊन जवळजवळ पंचवीस वर्षं झाल्यावर, आणि १९१६ मध्ये तो वारला. लाकडी कमानीच्या खिडक्या, संगमरवरी फरशीचा दिवाणखाना, सगळं देखणं आहे. पण मला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही. इतक्या मोठ्या घरात फक्त वाट बघत राहिलेल्या माणसांची ही जागा. राणी १९१९ मध्ये परत रंगूनला गेली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली आणि इथेच संपली. तिची मुलगी टुटू २००० सालापर्यंत याच गावात, इथली होऊन, मराठी बोलत जगली. राजाची समाधी शिवाजीनगरला आहे. पॅलेस बघणाऱ्यांपैकी फार थोडे तिथे जातात. तुम्ही जा. जागा शांत आहे आणि दहा मिनिटं पुरतात.

संध्याकाळी थिबा पॉइंट. इथून काजळी नदी समुद्राला मिळते ती भाट्याची खाडी, त्यावरचा पूल आणि पलीकडे सुरूच्या बनाची लांबच लांब रेघ, सगळं एका नजरेत येतं. चारची ओहोटी होऊन गेलेली, खाडीच्या तोंडाशी वाळूची पाठ उघडी पडलेली. बाहेर पाच-सहा बोटी नांगर टाकून उभ्या होत्या. मला वाटलं मासेमारी चालली आहे. शेजारी नातवाला घेऊन उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "छे हो, त्या घरी जायला थांबल्यात. राजिवड्याच्या बोटी. मुखाशी गाळ आहे, पाणी चढल्याशिवाय आत घेता येत नाहीत. घाई केली की आपटतात."

सोमवार, चतुर्दशी

गणपतीपुळे आजच्यासाठी मुद्दाम ठेवलं होतं. शनिवार-रविवारची गर्दी ओसरलेली आणि मंगळवारची आलेली नाही. गाडीवाल्याला निघतानाच 'आरेवारे मार्गे' असं सांगा. माझ्या पहिल्या खेपेला आम्हाला निवळी-जाकादेवीवरून नेलं होतं आणि समुद्र थेट पुळ्याला दिसला होता. किनाऱ्याचा रस्ता पंचवीसेक किलोमीटरचा. साखरतरचा पूल, काळबादेवी, मग आरे, आणि तिथून रस्ता डोंगर चढतो. वरच्या वळणावर थांबलात की दोन्ही हातांना दोन किनारे, आरे आणि वारे, मधे हे टेकाड.

इथे तिथीच्या गणिताने खरं काम केलं. साडेदहाची भरती. जाताना वर थांबून बघितलं तेव्हा पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलं होतं आणि दोन्ही किनारे नुसत्या पांढऱ्या रेघा झाले होते. मग पुळ्याला गेलो. परतताना चार वाजता त्याच वारेच्या किनाऱ्यावर उतरलो तर समोर मैदान पसरलेलं, वाळू इतकी घट्ट की आईने चप्पल हातात घेतली आणि कोणाचा हात न धरता पाऊण तास चालली. एकच जागा दिवसातून दोनदा बघा.

पाण्यात मात्र उतरू नका. आरेवारे, गणपतीपुळे, दोन्ही ठिकाणी किनारा उतरता आहे आणि ओढ जबरदस्त आहे. इथे माणसं बुडतात, आणि त्यांत पोहता येणारीही असतात. ओहोटी लागली असेल तेव्हा गुडघाभर पाण्यातही पायाखालची वाळू सरकते. जीवरक्षक असतील तिथेच थांबा, त्यांनी शिट्टी मारली की वाद न घालता बाहेर या. कोणी ओढीत सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने धडपडण्यापेक्षा किनाऱ्याला समांतर आडवं जायचं असतं. हे पाण्याबाहेर असतानाच मुलांना समजावून सांगा.

पुळ्याला दर्शन पटकन झालं. तिथे देवापेक्षा डोंगर मोठा आहे, कारण डोंगरच देव आहे. म्हणून प्रदक्षिणा देवळाला नसते, सगळ्या टेकडीला असते, सुमारे एक किलोमीटरची दगडी वाट. अर्ध्याअधिक वाटेला समुद्र बरोबर असतो. उन्हाच्या आधी घाला. आम्हाला अकरा वाजले आणि फरशी तापली. दर्शन झाल्या झाल्या निघणारे लोक जवळच्या मालगुंडला वळत नाहीत. केशवसुतांचं गाव ते, तिथे त्यांचं घर आणि स्मारक आहे, आवारात कविता दगडांवर कोरलेल्या. आईला शाळेतल्या ओळी आठवत होत्या. एका दगडासमोर उभं राहून तिने पुढची ओळ न वाचता म्हटली आणि मग खाली बघून पडताळून घेतली. बरोबर होती.

मंगळवार, माघी पौर्णिमा

रात्रीची गाडी होती, त्यामुळे दिवस पूर्ण हातात. सकाळी सातला उक्षीला निघालो. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं आहेत. इथे त्यांना कातळशिल्पं किंवा कातळखोदचित्रं म्हणतात. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं गेली, त्यात उक्षी आहे. एकच चित्र, पण खऱ्या हत्तीएवढा हत्ती. भोवती भिंत आणि वरून बघायला चौथरा केलेला आहे. जमिनीवर उभं राहिलं तर नुसत्या खोदलेल्या रेघा दिसतात, चौथऱ्यावर चढलं की अचानक सोंड दिसते, मग पाय. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरपी उन्हं असली की रेघांमध्ये सावली पडते आणि चित्र उठून दिसतं. दुपारी बारा वाजता तेच कातळ सपाट वाटेल. पाणी आणि टोपी बरोबर न्या, सड्यावर झाड नसतं. राजापूर तालुक्यातल्या कशेळीला याहून कितीतरी मोठा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात आणखी चित्रं कोरली आहेत. तो आमचा राहिला.

दुपारी झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं संग्रहालय पाहिलं. मुलं बरोबर असतील तर नक्की जा, देवमाशाचा सांगाडा तिथे आहे.

जाता जाता आंब्याचं सांगते, कारण प्रत्येक जण विचारतो. फेब्रुवारीत आंबा मागू नका. झाडावर मोहोर आणि वाटाण्याएवढ्या कैऱ्या असतात. खरा मोसम एप्रिल-मे, तेव्हा उकाडा आणि गर्दी दोन्ही सोसायची तयारी हवी. इथल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण रस्त्याकडेच्या पेटीवर 'रत्नागिरी' छापलं म्हणून आतला आंबा रत्नागिरीचा होत नाही. मुक्कामाच्या घरी ओळखीचा बागायतदार विचारा, आढीतला आंबा हातात घेऊन देठाजवळ वास घ्या. काकूंनी आमचं नाव वहीत लिहून घेतलं आहे. आणि पावसाळ्यात यायचं असेल तर हिरवा सडा बघायला या, मासळीच्या आशेने नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते.

संध्याकाळी सामान बांधून रिक्षात ठेवलं आणि भाट्याला गेलो. सव्वापाचची ओहोटी, पौर्णिमेची, म्हणजे पाणी खूप लांब गेलेलं. किनाऱ्यावर चालून पुलाजवळ परत आलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता. रिक्षावाले मामा आईला म्हणाले, "मावशी, आता पाठ फिरवा." मागे, काजळी नदीच्या वरच्या अंगाला, माडांच्या मागून चंद्र वर आला होता, मोठा आणि तांबूस. एका पुलावरून एकाच वेळी दोन्ही.

खाडीच्या तोंडाशी रविवारी दिसल्या होत्या तशाच बोटी थांबलेल्या होत्या. आईने त्या मोजल्या, सात. पुलाच्या खांबाशी पाणी आधी स्थिर होतं, मग त्यावरचा एक माडाचा झाप हळूहळू नदीच्या दिशेने, उलटा, सरकायला लागला. मामांनी घड्याळ बघितलं. गाडीला अजून वेळ होता, म्हणून आम्ही थांबलो. साडेसात वाजून गेल्यावर पहिल्या बोटीने इंजिन सुरू केलं, दिवा लावला आणि वाळूच्या पाठीला वळसा घालून आत आली.